फरशीवरचं ठिगळ

घरं विकणारे दलाल त्याला भिंगरी म्हणायचे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. रिकाम्या खोलीच्या मधोमध ट्रायपॉड उभा करून तो कॅमेऱ्याभोवती असा फिरायचा की बघणाऱ्यालाच गरगरावं. कॅमेरा साधाच होता, दहा-बारा वर्षांचा. पण त्याच्या तोंडावर तो एक फुगीर काचेचं भिंग आटे फिरवून बसवायचा. त्याला फिशआय म्हणतात, म्हणजे माशाचा डोळा. पालथ्या वाटीसारखं दिसायचं म्हणून घरात त्याचं नाव वाटी पडलं होतं. वाटीला हात लावू नका, वाटीवर फुंकर मारू नका, हे त्याच्या बायकोने इतक्यांदा ऐकलं होतं की पाहुण्यांसमोर ती म्हणायची, आमच्याकडे एकच वाटी आहे आणि तिच्यात काही वाढता येत नाही.

त्या वाटीतून अर्धं जग एका दमात दिसतं. समोरची भिंत, दोन्ही हातांच्या भिंती, छत, फरशी, सगळं एका गोलात. एक फोटो काढायचा, कॅमेरा पाव फेरी वळवायचा, दुसरा काढायचा. असे चार. कॅमेरा वळेल तसं आपणही वळायचं, पोट आत घेऊन, कायम भिंगाच्या पाठीशी. नाहीतर आपलंच कोपर चित्रात येतं. मग घरी जाऊन चारही चित्रं संगणकावर जोडायची. जोडली की खोली पुरी होते, पाहणाऱ्याला आत उभं राहून मान फिरवल्यासारखी दिसते. फक्त एक भोक राहतं. अगदी खाली, जिथे ट्रायपॉडचे तीन पाय टेकलेले असतात. तिथे तो शेजारचीच फरशी उचलून ठिगळ लावायचा.

या ठिगळाचा त्याला अभिमान होता. दुसरे लोक त्या जागी आपल्या दुकानाचं नाव चिकटवून मोकळे होत. हा मात्र फरशीची रेघ रेघेला भिडवायचा, उजेडाचा डाग मिळवायचा, संगमरवराची शीर सुद्धा पुढे ओढून न्यायचा. भिंगरीच्या खोलीत कोणी पाऊलच ठेवलं नव्हतं असं वाटतं, असं दलाल म्हणायचे. दलालांच्या तोंडून येणारी स्तुती तो सहसा निम्म्याने कमी करून घ्यायचा. ही मात्र पुरीच्या पुरी ठेवून घेतलेली होती.

त्याची ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारणारी माणसं आता उरली नव्हती. आईवडिलांच्या पश्चात त्याच दोन खोल्यांत राहायची आणि गावातल्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर बसायची, एकतीस वर्षं. कोणी तोंड उघडायच्या आत त्याला कुठलं पुस्तक हवंय हे तिला कळतं असं लोक म्हणायचे. तिचं म्हणणं, त्यात विशेष काही नाही, माणसं तीच तीच पुस्तकं नेतात आणि दर वेळी नवं नेल्यासारखं तोंड करतात.

तिचं दुखणं डोळ्यांच्या कडेकडून आलं. आधी तिला दारांच्या चौकटी लागायला लागल्या, मग टेबलांचे कोपरे. मग रस्त्यात ओळखीची माणसं शेजारून गेली तरी ती बोलेना, आणि ताठा फार वाढलाय असं तिच्याबद्दल ऐकू यायला लागलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नजर कडांकडून आक्रसत चाललीय, मधलं सगळ्यात शेवटी जाईल. वर्तमानपत्राची सुरळी करून तिच्यातून बघावं तसं तिला दिसायचं. सुरळीच्या टोकाला मात्र सगळं लख्ख. पुस्तकाच्या पाठीवरचा बारीक आकडा ती चष्म्याशिवाय वाचायची. सुईत दोरा ओवते आणि दारावर आपटते, हे कसलं म्हणायचं आंधळेपण, असं एका मावशीने तोंडावर विचारलं होतं. ताई म्हणाली, सोयीचं.

एका रविवारी तो तिच्याकडे बसून कॅमेऱ्याचा नवा सेल तपासत होता. वाटी लावलेलीच होती, म्हणून त्याने सहज तिच्या खोलीचा एक फोटो काढला आणि मागच्या छोट्या पडद्यावर तिला दाखवला. ती पडद्यावर वाकली, मग बोट न लावता, बोटानेच दाखवत म्हणाली, “पंखा. पंख्याखाली खाट. खाटेशेजारी तू. आणि ही खिडकी. सगळं एकाच वेळी दिसतंय मला.”

नाण्याएवढ्या त्या गोलात सगळी खोली तिच्या सुरळीत मावली होती. चार वर्षांत तिने एवढं एकदम पाहिलं नव्हतं. ती नुसती बघत राहिली आणि शेवटी म्हणाली की खोलीला रंग द्यायला झालाय.

त्या दिवसापासून तो दर रविवारी तिच्यासाठी गोल आणू लागला. चौक, बाजार, नदीवरचा पूल. तिच्या आग्रहावरून एकदा ग्रंथालयातलं तिचं स्वतःचं टेबल, समोर रांगेत उभे असलेले वाचक सगळे एकदम. त्या फोटोकडे बघून ती हसली होती. इतकी वर्षं एकेक करून भेटलेली माणसं आज एकत्र आली, म्हणाली.

मग ग्रंथालय नव्या इमारतीत जायचं ठरलं. जुन्या इमारतीत ताईला डोळ्यांची गरजच नव्हती, तिथला जिना आणि कपाटं तिच्या हातापायांना पाठ होती. नव्या इमारतीत तिच्यासाठी सगळंच अंधार. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. मुख्य ग्रंथपाल बाई वाईट नव्हत्या. त्यांनी ताईला बोलावून सांगितलं की ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळात तुमच्या डोळ्यांचा विषय निघालाय, नव्या जागेत तुम्हाला वावरता आलं तर कोणी काही बोलणार नाही, पहिला आठवडा पाहू. सोबतीला कोणाला तरी देते, हाताला धरून नेईल. ताईने सोबत नको म्हणून सांगितलं. हाताला धरून नेलेल्या बाईकडे पुस्तक मागायला कोण येईल, हे तिने ग्रंथपाल बाईंना नाही, भावाला सांगितलं.

काम संपेपर्यंत नव्या इमारतीत कर्मचाऱ्यांना प्रवेश नव्हता. पण ग्रंथालयाच्या संकेतस्थळासाठी आतली चित्रं हवी होती आणि ते काम भिंगरीलाच मिळालं. त्याने सगळ्या खोल्या टिपल्या. आणि ताईसाठी त्याने एक वेगळी करामत केली. जोडलेली खोली संगणकात अशीही वळवता येते की फरशी मधोमध येते आणि भिंती तिच्याभोवती पाकळ्यांसारख्या उघडतात. वरून पाहिलेला नकाशाच जणू, पण खरा, रंगांचा, खुर्च्यांसकट. ताईच्या सुरळीत बरोबर मावेल एवढा गोल.

पंधरा दिवस ती ते गोल घेऊन बसली. पाढे म्हणावेत तशी पावलं म्हणायची. तो फरशा मोजून अंतर सांगायचा आणि ती खोलीत तेवढी पावलं चालून बघायची. दारापासून टेबल चौदा. टेबलापासून वाचन-दालनाच्या कडेने कमानीपर्यंत बावीस. कमानीतून कपाटांची खोली, पहिलं कपाट नऊ. एकदा तिने विचारलं, “त्या कमानीत दार नाहीय ना?”

नाही, नुसती कमान आहे, तो म्हणाला.

“आणि खाली?”

तो वाकला, पडद्यावरच्या गोलाच्या मधोमध पाहिलं आणि म्हणाला, “खाली काय असणार. सपाट आहे.”

पहिल्या दिवशी ती काठीशिवाय गेली. सगळ्यांना माहीत होतं की आज बघायचंय, म्हणून सगळे न बघितल्यासारखं करून बघत होते. चौदा पावलांवर तिचा हात नेमका टेबलाच्या कडेवर पडला. पहिल्या तासाभरात तिने बारा पुस्तकं दिली, सात परत घेतली. मग ती सात पुस्तकं छातीशी धरून कपाटांकडे निघाली. ग्रंथपाल बाई चार पावलं मागे होत्या आणि त्यांनी नंतर सांगितलं की त्या मनातल्या मनात मंडळाला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होत्या, सगळी चांगली वाक्यं. बावीस पावलं पुरी झाली आणि तेविसाव्याला फरशी नव्हती.

भिंगरीला फोन आला तेव्हा तो कोणाच्या तरी नव्या स्वयंपाकघरात फिरत होता. दवाखान्यात पोचला तोवर ताईच्या उजव्या हाताला प्लास्टर घातलं होतं; मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. गालावर पुस्तकाच्या कोपऱ्याचा वळ उठला होता. त्याला पाहून, म्हणजे त्याचा आवाज ऐकून मान वळवून त्याला शोधून, ती म्हणाली, “पायरी होती रे तिथे. तू सांगितली असशील. माझ्याच डोक्यातून गेली.”

तो म्हणाला, “असू दे आता.”

हे तीन शब्द त्याने विचार करून उच्चारले नव्हते. आजाऱ्याशी कोणीही बोलेल तसे ते होते. पण दुपारी घरी आल्यावर त्याने संगणक उघडला आणि कमानीची मूळ चार चित्रं एकामागून एक काढली. पायरी तिथे होती. खाली उतरणारी एकच पायरी, वर आणि खाली एकाच रंगाची फरशी. दोन्ही खोल्या एका चित्रात याव्यात म्हणून त्याने ट्रायपॉड नेमका तिच्यावर उभा केला होता. दोन पाय वर, एक खाली. खालचा पाय त्याने स्वतःच्या हाताने लांब केला होता, खिट्टी सैल करून आणि परत आवळून. ते बोटांना अजून आठवत होतं. आणि मग घरी येऊन, रोजच्यासारखं, तीन पायांच्या जागी त्याने ठिगळ लावलं होतं. रेघ रेघेला भिडवून. ताईला उरलेल्या नजरेत जे सगळ्यात स्वच्छ दिसायचं ते मधलं, आणि प्रत्येक गोलाच्या मधोमध त्याचं ठिगळ.

आणि तिने विचारलं होतं. तिने विचारल्यावर तो आठवायच्या ऐवजी चित्रात बघून बोलला होता.

त्याने बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती, ती निवडायची थांबली. “सांगून टाका,” ती म्हणाली. “रागावतील, पण उठतील.” उद्या सांगतो, तो म्हणाला. तिने परत विचारलं नाही, पण त्या आठवड्यात ताईचा डबा भरून देताना ती रोज त्याच्या तोंडाकडे एकदा बघायची.

उद्या काही येईना. आधी त्याने ठरवलं की दुखणं कमी होऊ दे. मग ठरवलं की गालाची सूज उतरू दे. मग असंही वाटून गेलं की सांगून काय बदलणार, डोळे तर जाणारच आहेत, पायरी असो की नसो. या शेवटच्या विचाराची त्याला स्वतःलाच लाज वाटायची, आणि तरी रोज डबा घेऊन ताईकडचा जिना चढताना तोच उपयोगी पडायचा.

इकडे ताईच्या मनाने वेगळंच घेतलं होतं. ग्रंथपाल बाई भेटायला आल्या, म्हणाल्या घाई नाही, बरं वाटू दे. ताईनेच स्वेच्छानिवृत्तीचा कागद मागवला. बाई तो घेऊन आल्या त्या दिवशी भावाने विचारलं, इतक्यात कशाला. तेव्हा ती म्हणाली, “डोळे गेले तर हातांनी चालवीन, असं मी ठरवलं होतं. पण डोकंच दगा द्यायला लागलं तर कोणाच्या भरवशावर चालू? पंधरा दिवस पाठ केलेलं एका पायरीला विसरते मी.”

तेव्हा बोलायला हवं होतं. त्याचं तोंड उघडलंही होतं. पण ग्रंथपाल बाई समोर होत्या, कागद टेबलावर होता, आणि त्याच्या तोंडातून निघालं ते एवढंच की पेन देऊ का. उजवा हात प्लास्टरात, म्हणून तिला डाव्या हाताने सही करायची होती. कागद सरकत होता. त्याने तो दोन्ही हातांनी दाबून धरला आणि सही कुठे करायची तिथे तिचं बोट नेऊन ठेवलं. अक्षर लहान मुलाच्या अक्षरासारखं आलं. ताई म्हणाली, बघा, पहिलीत होते तेव्हा अशी काढायचे, फिरून तिथेच आले. ग्रंथपाल बाई हसल्या नाहीत.

प्लास्टर निघालं. ताई घरातही भिंतीला हात लावून चालायला लागली. आधी खाटेपासून न्हाणीपर्यंत ती गुणगुणत जायची, आता मोजत जायची आणि मधेच थांबायची, आकडा चुकला म्हणून परत खाटेकडे यायची. तो येईल तेव्हाच स्वयंपाकघरातलं पाणी त्याच्याकडून भरून घ्यायची. एका संध्याकाळी तो आला तर ती दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभी होती, एक हात चौकटीवर, एक पाय अर्धवट उचललेला. किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. त्याची चाहूल लागल्यावर तिने विचारलं, “इथे उंबरा आहे का रे?”

ज्या उंबऱ्यावर बसवून तिने त्याला घास भरवले होते, तो उंबरा.

आहे, तो म्हणाला. मग तिथेच, तिने पाय खाली ठेवायच्या आत, त्याने सांगून टाकलं. “ताई, त्या कमानीतली पायरी मी तुला कधी सांगितलीच नव्हती.”

“सांगितली असशील.”

“नाही. तू विचारलं होतंस. मी सपाट आहे म्हणालो. ट्रायपॉड तिच्यावर उभा होता आणि पाय झाकायला मी ठिगळ लावलं, त्यात ती गेली. तू काही विसरली नाहीस.”

ताईने पाय खाली ठेवला. तिच्या तोंडावर आधी काही हललं नाही. मग ओठ हलले. तो समजला की ती मोजतेय. “म्हणजे बावीस बरोबर होती,” ती म्हणाली.

“सगळी बरोबर होती.”

तिने एक लांब श्वास घेतला आणि क्षणभर तिचा चेहरा पूर्वीसारखा, टेबलापलीकडून बघणारा झाला. त्याला वाटलं, एवढ्यावर निभावलं. तेवढ्यात तिने विचारलं, “तुला कधी कळलं?”

“दवाखान्यातून घरी गेलो त्या दुपारी.”

“म्हणजे सही करायच्या आधी.”

“हो.”

“कागद तू धरला होतास.”

ताई वळली, भिंतीचा हात सोडला, उंबऱ्याशी पाय हवा तेवढाच उचलला आणि सरळ ओट्यापाशी गेली. कालचा डबा धुवून पालथा घातलेला होता. तो उचलून ती परत आली, कुठेही न अडखळता, आणि डबा त्याच्या हातात देऊन म्हणाली, आज घरी जा.

दुसऱ्या दिवशी तो ग्रंथपाल बाईंकडे गेला. चूक माझी होती असं लिहून देतो, म्हणाला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. कागद मंडळाकडे जाऊन मंजूर झाला होता, जागेवर नवी मुलगी आली होती. आणि मग त्यांनी फार हळू आवाजात विचारलं की ताईंची नजर परत येणार आहे का.

आठ दिवस तिने डबाही नको म्हणून कळवलं होतं. नवव्या दिवशी फोन आला. आवाजात राग नव्हता, आपलेपणाही नव्हता. देवघेवीच्या टेबलावरून ती ज्या आवाजात मुदत संपल्याचं सांगायची तो आवाज होता. त्या पायरीच्या कडेला पिवळी पट्टी लावून घ्यायची होती. म्हातारे वाचक पुष्कळ येतात, एकसारख्या फरशीत त्यांनाही ती दिसणार नाही. तू स्वतः लाव, ती म्हणाली, नुसतं सांगून येऊ नकोस.

त्याने जाऊन लावली. गुडघ्यांवर बसून आधी कडेवरची धूळ पुसली, पट्टी ताणून बसवली, अंगठ्याने दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. माणसं त्याला ओलांडून जात-येत होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, अहो, आमच्या बाई कधी येणार कामावर. त्याने वर न बघता सांगितलं, त्यांनीच पाठवलंय मला.

तिथून तो ताईकडे गेला. कॅमेरा खांद्याला होता आणि त्याने पायरीचा फोटोही आणला होता, ठिगळ न लावलेला. तो पुढे करायला लागला तेव्हा ताई म्हणाली, “चित्र नको. तू सांग. किती उंच आहे?”

“वीतभर. वीतभरही नाही.”

“कोणाची वीत?”

“माझी. दोन बोटं कमी.”

तिने टेबलावर चाचपून त्याचा हात शोधला आणि वीत ताणायला लावली. त्याच्या अंगठ्यापाशी आपला अंगठा टेकवून तिने आपलीही वीत ताणली. नीट न सांधलेल्या त्या मनगटाला ते सोपं जात नव्हतं. तिची करंगळी त्याच्या करंगळीच्या अलीकडे दोन बोटं थांबली.

“म्हणजे माझी पुरी वीत,” ती म्हणाली. “एवढं मोठं मी विसरले असं तुला वाटू कसं दिलंस?” आणि मग स्वतःच सुधारून घेतलं, “तुला नाही. मला वाटू कसं दिलंस.”

त्याने हात तसाच ठेवला. तिने आपला काढून घेतला, आणि खिडकी लावायला ती एकटी उठली.